डावीकडचा दिवा

तो कौल मी दिला होता. देवाने दिला नव्हता, आणि काकींनी देण्याचा तर प्रश्नच नव्हता. काकी म्हणजे आबांची बायको, त्या केव्हाच गेल्या होत्या. आबांनी मुलीकडे जायचं की एकटं गावातच राहायचं, हे त्या कौलावर ठरलं. आजवर मी हे कोणापाशी बोललेलो नाही. बोलायची वेळ आली तेव्हा तेव्हा मी समोरचा चहाचा कप उचलला, नाहीतर खिडकीबाहेर बघितलं. लोक त्याला माझा अबोल स्वभाव म्हणतात. म्हणोत. पण आबा कसे होते ते कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही, म्हणून आधी आबा.

ते माझे घरमालक. इन्सुलीला महामार्गावरून आत वळलं की काजूच्या बागेला लागून त्यांचं घर. मी घाटावरचा. सावंतवाडीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला आलो, आणि लग्न मोडलेल्या एकट्या पुरुषाला खोली द्यायला कोणी तयार होईना, तेव्हा आबांनी दिली. त्यांनी एवढंच विचारलं, "मासे खातास मा, मास्तरानू?"

मी हो म्हणालो.

"मगे काय हरकत नाय. दोघांपुरते बांगडे तळूक काकीक कंटाळो येता."

आबांची सगळी नोकरी सीमेवरच्या तपासणी नाक्यावर गेली. गोव्याकडून आलेल्या ट्रकची ताडपत्री न उचलता आत काय आहे ते सांगायचे, अशी त्यांची ख्याती होती. त्याचं रहस्य विचारलं तर म्हणायचे, "गाडी कशी बसली हा ती बघूची. ड्रायवर खोटा बोलात. चाकावरचो पाटो खोटा बोलणा नाय." निवृत्त झाल्यावरही सवय गेली नव्हती. दारात कोणीही आलं की आबा तोंडाकडे न बघता आधी त्याच्या पावलांकडे बघत. माणूस किती ओझं घेऊन आलाय ते मोजल्यासारखे. मला त्यांच्या नजरेखालून खोलीत जाताना पाय उगाच जड वाटायचे, काही केलेलं नसतानाही.

दुसरी सवय गाऱ्हाण्याची. इकडे जत्रेत, शिमग्यात, लग्नकार्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात हे मला ठाऊक होतं. आबा पाण्याचा पंप सुरू करायलाही घालत. बँकेत जाताना घालत. गॅसचा नवा सिलिंडर लावताना तर हटकून. हात जोडून, पायांतल्या वहाणा काढून, "बा देवा म्हाराजा, आज ह्यो पंप चालू करतंय, तेच्यात काय वाकडा-वंगाळ आसात तर तां दूर कर रे म्हाराजा..." आणि मग थांबत. गाऱ्हाण्याला मागून 'व्हय म्हाराजा' म्हणणारं कोणीतरी लागतं. ते काकी म्हणत, स्वयंपाकघरातून, बऱ्याचदा वैतागून. "व्हय म्हाराजा! आणि पाणी भरून झाला काय बंद कर म्हणान पण सांग तेका!"

काकी आरोंद्याच्या. खाडीकाठी वाढलेल्या. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर घरी राहिला, आणि त्यात एक गाव वसवायचा खेळ होता. कुठल्यातरी थंड मुलखातलं गाव. लाल कौलांची घरं, घोडे, गव्हाची शेतं, घंटेचा मनोरा. दुपारची जेवणं झाली की काकी चष्मा लावून खुर्चीत बसत. वामकुक्षी त्यांना माहीत नव्हती. मनोऱ्याला त्या देऊळ म्हणायच्या, "घंटा आसा मगे तां देऊळच." गव्हाच्या शेताला मळा. त्या खेळातल्या नदीच्या काठाला त्यांनी आपलं माहेर मांडलं होतं. मला दाखवायच्या, "ही खाडी. ह्यो माज्या बापाशीचो बांद. आणि ह्या बांदार आमचा घर." माड मात्र त्या खेळात नव्हते, त्याचा त्यांना राग. "एवढो मोठो खेळ केल्यानी आणि एक माड नाय? काय माणसां ही!" शेवटी त्यांनी बांधावर उंच सुरूसारखी झाडं ओळीने लावून घेतली.

माऊसवर त्यांनी स्वतः विणलेलं क्रोशाचं झाकण असे. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आबांनी तर मुळीच नाही. "तुमी आयुष्यभर गाडये अडवलास. माज्या गावात हात घातलास तर माणसां वाटेतच उभी रवतली." आबा यावर हसत आणि शेजारच्या स्टुलावर बसून नुसते बघत.

मग त्या मशीनमधलं विंडोज बसलं. व्हायरस म्हणा, म्हातारपण म्हणा. मी म्हटलं, लिनक्स घालतो. खेळ विंडोजचा आहे, पण वाईन नावाचा एक प्रोग्रॅम मिळतो, तो टाकला की चालेल. आबांनी नाक्यावरच्या नजरेने माझ्याकडे बघितलं. "वाईन? माज्या घरात?" मी समजावून सांगितलं. खेळ उठल्यावर विंडोजला हाका मारतो. फाईल उघड, चित्र काढ, आवाज कर. विंडोज तर तिथे नसतं. हा मधला प्रोग्रॅम प्रत्येक हाकेला विंडोजसारखं उत्तर देतो आणि काम लिनक्सकडून करून घेतो. विंडोजचा सी ड्राईव्हसुद्धा तो खोटाच मांडून ठेवतो, एका लपलेल्या फोल्डरात. खेळाला पत्ता लागत नाही.

काकींना त्यात रस नव्हता. आबा मात्र म्हणाले, "म्हणजे अवसार."

जत्रेत ज्याच्या अंगात देव येतो त्याचं ते बोलत होते. "अंगात येता तो आमचो सुतार. सगळ्यांका म्हायत आसता. पण बोलता तो देव. मगे आमी तेका 'तू सुतार मा रे?' म्हणान विचारतो? विचारीत नाय. पाया पडतो आणि प्रश्न टाकतो."

मी हसलो होतो. वर्गातल्या पोरांना सांगायला चांगली उपमा मिळाली म्हणून.

खेळ सुरू होताना आधी एक काळी चौकट उघडे आणि तिच्यात ओळी सरसर उतरत. त्यांतल्या बऱ्याचशा ओळी एकाच शब्दाने सुरू होतात, फिक्समी. आबांनी अर्थ विचारला. मी सांगितला. "हे कोण मगे सारख्या 'माका बरा कर, माका बरा कर' म्हणता?" मी म्हटलं, कोणी नाही आबा, वाईन लिहिणाऱ्यांनी जिथे काम अपुरं राहिलंय तिथे खूण करून ठेवली आहे. आबा त्या ओळींकडे बघत राहिले. "म्हणजे भितूर कोणतरी अर्धोच आसा," ते म्हणाले.

काकी गेल्या त्या तापाने, चार दिवसांत. त्याबद्दल मी लिहीत नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले, मुलगीही नाशिकला परतली. पुढच्याच दुपारी आबांनी माझ्याकडून कॉम्प्युटर असा करून मागितला की बटण दाबलं की सगळं आपोआप उठलं पाहिजे, माऊसला हात लागता कामा नये. मी करून दिला. खेळ दर थोड्या वेळाने आपला आपण जतन व्हायचा, त्यामुळे बंद करायची काळजी नव्हती. तेव्हापासून रोज जेवण झालं की आबा क्रोशाच्या झाकणावर अबोलीचं एक फूल ठेवत, काकींची खुर्ची रिकामी सोडून स्टुलावर बसत, गाऱ्हाणं घालत आणि बटण दाबत. "बा देवा म्हाराजा, तिचा गाव तिका दाखय रे म्हाराजा..." मग थांबत. उत्तराची जागा सोडत. त्या जागेत पंख्याची घरघर आणि काळ्या चौकटीत उतरणाऱ्या ओळी. माका बरा कर. माका बरा कर. मग गाव दिसायला लागे. बोटभर माणसं शेताकडे निघत, संध्याकाळ होई, दिवे लागत.

ती थांबलेली जागा मला ऐकवेना. एका रविवारी मी माझ्या खोलीतून म्हणून टाकलं, "व्हय महाराजा."

आबांनी वळून बघितलं नाही. पण त्यांचे खांदे खाली आल्याचं मला दारातून दिसलं. काकींच्या जागेवरून मी दिलेलं ते पहिलं उत्तर.

गाव पुसलं तेही मीच. मशीन अद्ययावत केली, आणि खेळ उठेना, नुसता काळा पडदा. अशा वेळी आमच्या धंद्यात करतात तेच मी केलं. वाईनचा तो लपलेला फोल्डर अख्खा उडवला आणि नवा कोरा तयार केला. त्या खोट्या सी ड्राईव्हमध्येच काकींचं गाव होतं. आधी प्रत काढा, मग हात घाला, हे मी प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी सांगतो. त्या दिवशी मला भूक लागली होती. एवढंच कारण.

माझ्याकडे जुनी प्रत होती ती विंडोजमधून हलवताना काढलेली. तिच्यात खाडी होती, बांध होता आणि एक घर. बाकी नुसती हिरवळ. आबांना सांगितलं, एक भाग खराब झालाय, बेळगावहून मागवलाय. "येऊंदे," ते म्हणाले, आणि माझ्या पायांकडे बघितलं.

क्लासमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी ते गाव पुन्हा बांधलं. आठवून आठवून. कुठल्या घराचं दार कुठे, झाडांची ओळ कुठे मोडते, विहिरीकडे जाणारी वाट. एक गोष्ट तेव्हा जाणवली आणि मी ती झटकली. झाड लावताना काकी माऊस अधांतरी धरून "हंय? की हंय?" असं पुटपुटत. माझा हात त्याच ठिकाणी थबकायला लागला होता. मी रिकाम्या वर्गात "हंय?" म्हणालो तेव्हा ते माझ्या कानांना माझं वाटलं नाही.

गाव आणून बसवलं. आबांनी गाऱ्हाणं घातलं, बटण दाबलं, आणि पुढे वाकून बघत राहिले. मी दारात उभा.

"तिणा देऊळ हलवल्यान," आबा म्हणाले.

मनोरा मी चुकीच्या जागी बांधला होता. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. पण आबांनी वळून बघितलं ते माझ्या चेहऱ्याकडे, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. "बघितलास? तिका ती जागा पयल्यापासून पटाक नव्हती."

"हो का?" मी म्हणालो.

त्या दिवसापासून आबा बदलाची वाट बघायला लागले. काही दिवस काहीच हललं नाही तर जेवण ताटात राहायचं. म्हणून मग सकाळी ते पेपर आणायला महामार्गावर गेले की मी क्रोशाचं झाकण उचलून एखादी गोष्ट हलवायला लागलो. कधी कुंपण, कधी विहिरीपाशी बाक. फूल पुन्हा होतं तसं ठेवायचो. आबा टवटवीत झाले. रोज दाढी करायला लागले. मुलीला फोनवर सांगत, "तुज्या आवशीन आज बांदार दिवो लावल्यान." तिने मला वेगळा फोन करून विचारलं, "खेळ असा आपोआप बदलतो का हो, मास्तर?" मी म्हटलं, "बदलतो कधी कधी. खेळातली माणसं आपली आपण बांधतात."

त्या खेळातली माणसं आपली आपण काहीही बांधत नाहीत.

पुढे आबांना चालताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं. एकटं राहायचं नाही, जवळ मोठं इस्पितळ हवं. मुलगी न्यायला आली. बॅग भरली. आबांनी ना हो म्हटलं ना नाही. दुपारी स्टुलावर बसले आणि गाऱ्हाण्यात त्यांनी कौल लावला.

देवळात कौल लावतात तेव्हा मूर्तीला पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही, आणि मिळालेला कौल मोडायचा नसतो. आबांनी पाकळीच्या जागी दिवा धरला. "बा देवा म्हाराजा, चेडू माका न्हेऊक इला हा. बांदारचो दिवो घराच्या उजवीकडे गेलो तर मी जातंय. डावीकडे गेलो तर हंयच रवतंय. सकाळपर्यंत काय तां दाखव रे म्हाराजा." नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले. माझ्या खोलीचं दार उघडं होतं.

मीच म्हटलं, "व्हय महाराजा."

दुसऱ्या सकाळी बापलेक देवदर्शनाला गेले. मी झाकण उचललं. दिवा घराच्या बरोबर समोर होता. मी तो आधी उजवीकडे ठेवला. हे खरं आहे, आणि त्याने माझा दोष काही कमी होत नाही, पण ठेवला होता. मग मी त्या घरात बसून राहिलो. कोणी नव्हतं. आबा गेले की घराला कुलूप लागणार. संध्याकाळी क्लासवरून आल्यावर "इलास?" म्हणणारं कोणी उरणार नाही. दुसरंही होतं. मशीन त्यांच्याबरोबर नाशिकला जाणार, जावई कॉम्प्युटरमधले, एखाद्या दिवशी ते सहज फाईल उघडून बघणार आणि त्यांना कळणार की हे सगळं गाव काकी गेल्यानंतर बांधलेलं आहे.

मी दिवा डावीकडे नेला. फूल जागेवर ठेवलं.

"डावो," आबा दुपारी म्हणाले. एवढंच.

मुलगी रडायला लागली. "आबा, खेळ तो! आई नाय ती!" मग माझ्याकडे वळली. "मास्तर, तुम्ही तरी सांगा त्यांना. तुम्हाला यातलं कळतं."

मी काजूच्या बागेकडे बघत होतो.

निघताना ती म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून जीवाला जरा धीर आहे."

त्यानंतर मी गावातलं काहीही हलवलं नाही. आबांनीही कधी विचारलं नाही, का हलत नाही म्हणून. जेवत मात्र होते. दिवा डावीकडेच राहिला.

काजूला मोहर होता तेव्हाची गोष्ट. क्लास संपवून घरी आलो तर ओटीवर दिवा नव्हता आणि आतून पंख्याची घरघर येत होती. आबा स्टुलावर, भिंतीला टेकलेले, हात मांडीवर. अंग गार पडलं होतं. डॉक्टर नंतर म्हणाले, दुपारीच गेले असणार. समोर खेळ चालू होता. खेळातही संध्याकाळ झाली होती. बांधावरच्या घराची खिडकी उजळली होती, आणि दिवा घराच्या उजवीकडे होता.

माऊसवर क्रोशाचं झाकण होतं. त्यावर दुपारचं अबोलीचं फूल, सुकत आलेलं, पण होतं तिथेच. मी त्या सकाळी मशीनजवळ गेलो नव्हतो. काळ्या चौकटीत ओळी उतरत होत्या. मी त्या वाचल्या नाहीत.

वर्गात कोणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, प्रोग्रॅममधला दोष असेल, फाईल बिघडली असेल. पण बिघडलेल्या फाईलीमुळे एकच दिवा तेवढाच सरकून नेमक्या जागी जात नाही. मला माहीत आहे. ते गाव मीच बांधलंय.

आबांना ठाऊक होतं का, हा प्रश्न मी खूप फिरवला. ताडपत्रीखालचं ओळखणारा माणूस. अंगात येतो तो सुतार हे सगळ्यांना माहीत असतं, असं ज्याने मला हसत सांगितलं तो माणूस. ठाऊक असेल, तर दार उघडं बघून त्याने तो कौल मलाच लावला होता. जाऊ की राहू, एवढंच त्याला माझ्याकडून हवं होतं. आणि मी डावा दिला. मग तो राहिला.

उजवा कोणी दिला ते मला सांगता येत नाही.

मी आता सावंतवाडीत खोली घेऊन राहतो. मशीन माझ्याकडे आहे. मुलीने मागितली आहे. परवा फोनवर म्हणाली, "मास्तर, आईचं गाव तेवढं चालू करून द्या. मला रोज बघायचंय." मी हो म्हटलं. खोक्यात भरून तयार ठेवली आहे. झाकणही त्यातच आहे.

ते गाव तिच्या आईचं नाही, माझं आहे. आणि आबांना तिच्याकडे जाऊ न देणारा दिवा मी हलवला. खोकं रवाना होण्याआधी या दोन गोष्टी मी तिला सांगायला हव्यात. अजून सांगितलेल्या नाहीत.